त्या रात्रीची टेप शोधू नकोस

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची टिपणं मिळाली. सगळी सावकाश वाचली. तू वैतागली आहेस हे पहिल्याच ओळीत कळलं, आणि वैताग साहजिकही आहे. तीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैदानावर झालेला एक रॉकचा कार्यक्रम, वाजवणारी आपल्याच सोलापुरातली चार-पाच पोरं, समोर पेठापेठांतून आलेली गर्दी. आणि आज तू त्याच्या आठवणी गोळा करायला गेलीस, तर प्रत्येक जण तुला वेगळाच कार्यक्रम सांगतोय. कुणी म्हणतं तीन तास चालला, कुणी म्हणतं तासाभरात लाइट गेली आणि सगळे घरी गेले. गिटारवाला एकाच्या आठवणीत डावखुरा आहे, दुसऱ्याच्या आठवणीत त्याला दाढी आहे. शेवटी तू विचारलंस, "सर, कुणाकडे तरी कॅसेट असेलच ना? ती मिळाली की खरं-खोटं एकदाचं होऊन जाईल."

कॅसेट शोधणं आता थांबव, असं माझं म्हणणं आहे.

ती कुणी केली असती तर कशी झाली असती, ते आधी सांगतो. घरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, खांद्याला लावून कुणी नेला, असं धरून चालू. त्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असे. बारीक आवाज ती वाढवायची, मोठा आवाज दाबायची. आजीच्या ओव्या टेप करायला ती सोय फार चांगली. पण ड्रमचा ठोका पडला की ती सगळंच खाली दाबते आणि मग हळूहळू वर आणते, पुढचा ठोका पडला की पुन्हा खाली. ऐकताना गाण्याला धाप लागल्यासारखी वाटते. त्यात तो बोटाच्या पेराएवढा माइक मोठ्या आवाजाला फाटतो. कोण गातंय, काय वाजतंय हे धड कळलं नसतं. शेजारी बसलेल्याचा खोकला मात्र स्वच्छ आला असता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, म्हणजे ऐन रंगात कुणाला तरी अंधारात बाजू उलटावी लागली असती.

आणि केलेली कॅसेट टिकली असती का? आपल्या घरांमध्ये कोरी कॅसेट ही जपून वापरायची वस्तू होती. मागच्या कडेचे दोन बारीक प्लास्टिकचे चौकोन मोडले की तिच्यावर पुन्हा टेप होत नसे, आणि मोडलेल्या जागी सेलोटेपचा तुकडा लावला की पुन्हा होत असे. सोलापुरातल्या घरांतून मी अशा कॅसेट हातात घेऊन पाहिल्या आहेत. वरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलेलं एक नाव खोडलेलं, त्याखाली हिरव्या शाईतलं दुसरं खोडलेलं, आणि शेवटी लाल शाईत 'भजन, श्रावण'. ते भजनही कुणाला तरी हवंच होतं. त्यामुळे तुला ज्यांनी "शोधून ठेवतो, माळ्यावर असेल" असं सांगितलंय त्यांचा फोन आला तर जरूर जा, पण त्याची वाट बघत माणसांकडे जायचं लांबवू नकोस. माळा कुठे जात नाही.

तुझ्या मनातली खरी अडचण मात्र वेगळी आहे. टेप नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे हे काम कच्चं, असं तुला वाटतंय. त्यासाठी मुंबईतली एक गोष्ट सांगतो. १९७२च्या ऑक्टोबरात लेड झेपलिन या इंग्लिश बँडचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज जपानचा दौरा आटोपून मुंबईत आले होते. त्या मुक्कामात त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, मुंबईच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली. ती बरीच वर्षं चोरट्या प्रतींमधून फिरली आणि २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आली. आज कुणालाही ऐकता येतात. दुसरी, कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये एका रात्री ते दोघे उभे राहिले आणि तिथल्याच वाद्यांवर, मुंबईच्याच वादकांच्या साथीने वाजवून गेले. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. स्टुडिओतल्या गाण्यांबद्दल लोक बोलतात ते तंतुवाद्यांचे सूर कसे लागले, तबला कुठे बसला, याबद्दल. क्लबातल्या रात्रीबद्दल बोलताना मात्र माणूस स्वतःपासून सुरुवात करतो: मी कुठे उभा होतो, मला कुणी सांगितलं, आधी विश्वास कसा बसला नाही. ज्याची टेप आहे तो कार्यक्रम ऐकणाऱ्याला तिथे असलेल्या माणसाची गरज पडत नाही. तुझ्या कामात गरज आहे ती नेमकी त्याच माणसाची, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं.

तेच बहात्तर साल सोलापुरात कुणालाही विचार. दुष्काळ, मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी, रोजगार हमीआधीची ती खडी फोडायची कामं. कुणाच्याही तोंडून गिटार निघणार नाही. आपल्याकडे माणूस वर्ष सांगत नाही, वर्षाला चिकटलेली गोष्ट सांगतो. म्हणून "कार्यक्रम कोणत्या साली झाला?" हा प्रश्न तू यादीतून काढून टाक. तू हा प्रश्न प्रत्येकाला विचारलास आणि प्रत्येकाने तुझ्यासमोर मनातल्या मनात हिशोब करून एक आकडा दिला. ते आकडे त्या हिशोबाचे आहेत, आठवणीचे नाहीत. त्याऐवजी विचार: गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, आधी की नंतर? होम मैदानावर दुकानं लागली होती का? थंडी होती का, अंगावर काय होतं? घरात तेव्हा केबल आली होती का? हा केबलचा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९९१ नंतर उपग्रहाच्या वाहिन्या आल्या, त्यांत एमटीव्ही होता, आणि आपल्या पोरांनी ती इंग्रजी गाणी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती तिथे. शब्द कानाने उतरवून घेतलेले, अर्थ निम्मा कळलेला, उच्चार आपापल्या घरच्या भाषेचे.

आता तुझ्याच टिपणांमधली एक जागा दाखवतो, जिच्यावरून तू पटकन पुढे गेलीस. पूर्व भागातल्या त्या मावशींनी तुला सांगितलंय, "ते जाड गिटार सुरू झालं आणि पायाखालचं हललं बघ. आम्ही दोघी मैत्रिणी झटक्यानं उभारलो. शेजारच्या बायका पण उभारल्या. मग हसू आलं." तू याला 'बेसच्या आवाजाचा परिणाम' असं शीर्षक देऊन सोडून दिलंस. थांब तिथे. जाड गिटारच्या, म्हणजे बेसच्या, आवाजाने जमीन थरथरली तर माणूस कान झाकेल, हसेल, नाचेल. एका ओळीतल्या बायका एकदम उठून उभ्या का राहतील? कारण त्यांच्या अंगात भूकंप होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरली होती. केंद्र किल्लारीकडे, पण सोलापूर झोपेतून उठून रस्त्यावर आलं होतं, आणि पुढे कित्येक दिवस लोक घरात झोपायला घाबरत होते. ज्या बाईने तो अनुभव घेतलाय तिचीच टाच बेसच्या आवाजाला अशी उठेल. त्या एका वाक्याने तुझा कार्यक्रम त्या सप्टेंबरनंतरच्या हिवाळ्यात जाऊन बसला. मावशींनी साल सांगितलेलं नाही, आणि तरी तुझ्याकडच्या सगळ्या सालांपेक्षा हे जास्त भरवशाचं आहे.

पण मग ते दोघं काका ठामपणे "भूकंपाच्या आधी" म्हणतात, त्यांचं काय करायचं? तू त्यांच्या नावापुढे फुली मारली आहेस. ती फुली पुसून टाक. त्यांतल्या एकाने पुढे बोलता बोलता सांगितलंय की त्याचा भाऊ भाकरी आणि कपडे घेऊन मदतीच्या गाडीबरोबर गेला होता आणि परत आल्यावर कितीतरी दिवस बोलत नव्हता. तेव्हा जखमींना उपचारासाठी सोलापुरात आणलं जात होतं. गावावर त्याची छाया होती. त्या घरात त्या हिवाळ्यात गाण्याबजावण्याला जागाच उरलेली नाही. म्हणून त्या माणसाच्या मनाने तो आनंदाचा कार्यक्रम उचलून भूकंपाच्या अलीकडे नेऊन ठेवला असावा. मी 'असावा' म्हणतोय. तू पुन्हा जा आणि त्याला भावाबद्दल विचार, कार्यक्रमाबद्दल नको.

आठवणी गोळा करणाऱ्यांमध्ये इटलीचे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं एक काम फार मानलं जातं. तेर्नी हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव, आपल्यासारखंच कामगारांचं. तिथे १९४९च्या मार्चमध्ये नाटो कराराच्या विरोधात निघालेल्या मोर्चात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. कागदोपत्री तारीख स्पष्ट आहे. पण कित्येक वर्षांनी गावातल्या लोकांना विचारलं तर बरेच जण सांगत की तो १९५३ साली, कारखान्यातून हजारोंना कमी केलं तेव्हाच्या दंग्यात मेला. पोर्तेल्लींनी या माणसांना खोटं ठरवलं नाही, त्यांच्या आठवणी दुरुस्तही केल्या नाहीत. गावाला तो मृत्यू नोकऱ्या गेल्याच्या दुःखाशी जोडून का हवा होता, हे त्यांनी विचारलं. तारीख बरोबर असती तर हा प्रश्नच पडला नसता. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या तुला हे मी समजावून सांगायची गरज नाही. तुझ्या टिपणांत एक जण म्हणतो, "तेव्हा भोंगा वाजायचा, गाणं भोंग्यात मिसळलं." तो भोंगा त्या रात्री खरंच वाजला का, हे शोधून काढच, पण नव्हता वाजला असं निघालं तरी ते वाक्य वहीत राहू दे.

प्रश्न कसे विचारायचे याबद्दल थोडं कडक बोलतो, कारण तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला तुझा आवाज फार ऐकू येतो. "गर्दी खूप होती ना?" असं तू विचारलंस आणि ते "होय की, लई गर्दी" म्हणाले. ही गर्दी तुझी आहे, त्यांची नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४चा प्रयोग आहे. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि विचारलं, गाड्या किती वेगात होत्या. काहींना विचारताना गाड्या एकमेकींना 'धडकल्या' असा जोरकस शब्द वापरला, काहींना साधा. जोरकस शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काचा फुटलेल्या नव्हत्याच. तरी जोरकस शब्दवाल्या ५० जणांतले १६ हो म्हणाले, साध्या शब्दवाल्या ५० जणांतले फक्त ७. एका क्रियापदाने डोळ्यांसमोर काचा आल्या. तेव्हा "किती लोक असतील?" एवढंच विचार आणि गप्प बस. शांतता आपल्याला जड जाते, पण म्हातारी माणसं त्या शांततेतच आत जाऊन काहीतरी घेऊन येतात.

एकाची आठवण दुसऱ्याला आधी ऐकवायची नाही, हे तर अगदीच पाळ. तू प्रेमाने ऐकवतेस, मला माहीत आहे, त्यांना बरं वाटतं, "अरे हो, तो असं म्हणाला का!" पण त्यानंतर त्यांची स्वतःची आठवण तुला पुन्हा सापडत नाही.

आणि कुणी ठामपणे सांगतोय म्हणून ते जास्त खरं, असं धरू नकोस. अमेरिकेत चॅलेंजर हे अवकाशयान कोसळलं ते २८ जानेवारी १९८६ला. दुसऱ्या दिवशी उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या १०६ मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा ते कुठे होते, काय करत होते. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. जवळपास चौथा हिस्सा मुलांचं सगळंच्या सगळं चुकलं होतं, आणि सांगताना त्यांची खात्री मात्र पक्की होती. त्यांना त्यांचाच जुना कागद दाखवला, तरी काही जणांना आपल्या हस्ताक्षरापेक्षा आजची आठवण खरी वाटली. हे वाचून तू खचू नयेस म्हणून लगेच पुढचं सांगतो: म्हणूनच प्रत्येक टिपणावर ते कधी सांगितलं याची तारीख घाल. तू गोळा करते आहेस ती तेव्हाची रात्र आणि ती रात्र आज सांगणारा माणूस, दोन्ही.

"मी होतो" म्हणणारे बरेच निघालेत, याची तुला चीड आलेली दिसते. येऊ देऊ नकोस. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ४ जून १९७६ला सेक्स पिस्टल्स या इंग्लिश बँडचा कार्यक्रम झाला. समोर माणसं चाळीसेक. त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःचे बँड काढले, त्या गावाचं संगीत बदललं, आणि वर्षं गेली तसे 'मी त्या रात्री तिथे होतो' म्हणणारे हजारोंनी वाढले. आपल्या मैदानाची गोष्ट त्यापुढे लहान आहे, पण माणसाची हौस तीच आहे. तिथे नसलेल्याला उघडं पाडायला तू पोलीस नाहीस. त्याला एवढंच विचार की सायकल कुठे लावली होती, चप्पल कुठे काढली, घरी कोणत्या रस्त्याने गेला, दार कुणी उघडलं. जो होता तो या प्रश्नांना खुलतो: सात रस्त्याकडून न जाता पार्क चौकातून का गेलो, बंद हॉटेलच्या पायरीवर कोण भेटलं, आई काय बोलली. जो नव्हता तो पुन्हा स्टेजकडे वळतो. तुला कळेल. कळलं की वहीत बारीक खूण कर आणि त्यांच्या घरचा चहा पिऊन ये.

आता ज्या टिपणाने मी खरा आनंदलो त्याकडे येतो. तो साऊंडवाला. तुला त्याची मुलाखत फसली असं वाटलं, कारण त्याने एकाही गाण्याचं नाव सांगितलं नाही. "गाणी-बिणी मला इचारू नका, मी व्होल्टेज सांगतो," असं म्हणाला. पोरी, हा तुझ्याकडचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. त्याने आहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरशेजारी शंभर वॉटचा एक बल्ब लोंबकळत ठेवला होता आणि पूर्ण कार्यक्रमभर तो स्टेजकडे पाठ करून त्या बल्बकडे बघत बसला होता. संध्याकाळी आजूबाजूचे माग जोरात, लाइनवर ताण. बल्ब पिवळा पडला की त्याने आवाज खाली घ्यायचा, पुन्हा पांढरा झाला की वर. त्याला कार्यक्रम आठवतो तो बल्बच्या रंगाने: सुरुवातीला पांढरा, मग एकदा पिवळा, मग बराच वेळ पिवळा, "तांबडा व्हायला लागला तेव्हा मी जाड गिटारचा माइकच बंद केला, कुणाला कळलं नाही."

हे तुझ्या बाकीच्या टिपणांशेजारी ठेव. पुढे बसलेले म्हणतात कार्यक्रम शेवटपर्यंत दणदणीत झाला. त्यांना स्टेजवरचे ड्रम नुसत्या कानाने ऐकू येत होते, कर्ण्यांची गरजच नव्हती. मागे उभे असलेले म्हणतात मध्येच रया गेली. एक जण म्हणतो लाइट गेली. लाइट गेली नसावी, व्होल्टेज पडलं असावं. तिघंही आपापल्या जागेवरून खरं सांगतायत, आणि त्यांना जोडणारी गोष्ट एका माणसाला माहीत होती, जो गाणी ऐकतच नव्हता. त्याच्याकडे पुन्हा जा. स्टेज कुठे, कर्णे कुठे, जनरेटर होता की नव्हता, वायर कुठून ओढली, हे त्याच्या हाताने कागदावर काढून घे. मग त्या नकाशावर प्रत्येक सांगणाऱ्याची जागा मांड. तुझं अर्धं काम तिथेच होईल.

नकाशा मैदानाच्या कुंपणापाशी संपवू नकोस. तू लिहिलंयस की एक बाई "मी गेले नव्हते, गच्चीवरून ऐकलं" म्हणाल्या म्हणून तू त्यांना सोडलंस, आणि एवढ्या लांबवर ऐकू आलं असेल का अशी शंकाही घेतलीस. येऊ शकतं. सोलापूरची हिवाळ्यातली कोरडी रात्र, आकाश निरभ्र, जमीन भराभर थंड होते. जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्याहून उबदार अशी उलटी रचना होते, आणि वर चाललेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून अशा रात्री लांबच्या रेल्वेची शिट्टी उशाशी वाजल्यासारखी येते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियमही २००० सालचा, तेव्हा तो नव्हता. त्या काळात किती मुलींना रात्रीच्या कार्यक्रमाला सोडत होते? त्यांच्यासाठी कार्यक्रम गच्चीवरच झाला. कठड्याला टेकून, खाली वडिलांना कळू न देता, शब्द न समजता ऐकलेलं ते गाणं. या बायकांना वेगळं भेट, दुपारी, घरातली माणसं कामावर असताना. तू मुलगी आहेस, तुला त्या सांगतील; मला त्यांनी कधी सांगितलं नसतं. काही जणी चोरून मैदानावरही गेल्या असतील. त्यांची नावं, पेठ, नातं, काहीही लिहू नकोस. कॉलेजातली विद्यार्थिनी, एवढं पुरे.

भाषेबद्दल एकच सूचना. तेलुगू घरात मावशी तुझ्याशी मराठी बोलतात आणि आठवणीत शिरल्या की बहिणीकडे वळून तेलुगूत बोलतात. तू दोन्ही वेळा त्यांना "मराठीत सांगा ना" म्हणालीस. म्हणू नकोस. रेकॉर्डिंग चालू असतंच. नंतर कुणाकडून तरी समजून घे. कानडी आणि दख्खनीचंही तसंच.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. फोन टेबलावर उघडा ठेवू नकोस, ठोका-ठोका ऐकू येतो. घरात आपली चादर असतेच, तिची घडी करून तिच्यावर ठेव. पंखा बंद करायला सांगू नकोस, उन्हाळ्यात तर मुळीच नको. फोन पंख्यापासून लांब आणि माणसाजवळ ने. माग चालू असलेल्या घरात जेवणाच्या सुट्टीत जा. सुरुवातीला तारीख, जागा आणि "रेकॉर्ड करते आहे, चालेल ना?" हे त्यांच्या होकारासकट रेकॉर्ड कर. त्याच रात्री दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेव.

आणि लिहायला बसशील तेव्हा सगळ्यांना कालवून एकच गोड गोष्ट करू नकोस. 'सोलापूरचा पहिला', 'ऐतिहासिक', असलं काही तुझ्याकडच्या कुणीही म्हटलेलं नाही, तूही म्हणू नकोस. ती पोरं दुसऱ्यांची गाणी वाजवत होती, एक गिटार उसनी आणलेली होती, आणि तरीही तीस वर्षांनी एक बाई ती कोणत्या बाजूच्या कठड्याला टेकली होती ते सांगू शकते. प्रत्येकाला त्याचं पान दे. जिथे दोघं भांडतात तिथे दोघांनाही समोरासमोरच्या पानांवर बसव आणि तू मध्ये पडू नकोस, फक्त नकाशा दे. ड्रम वाजवणारा मुलगा आता हयात नाही असं तू लिहिलंयस. त्याच्या घरी गाण्याचा विषय काढत जाऊ नकोस. नुसती भेटून ये. त्यांनी काढला तर ऐक.

क्रम माझ्या मते असा: साऊंडवाल्याचा तेव्हाचा हाताखालचा मुलगा, ज्याचा तू शेवटी ओझरता उल्लेख केलायस, तो संक्रांतीनंतर लेकाकडे भिवंडीला कायमचा राहायला जाणार आहे. वायर त्यानेच ओढली होती. तेव्हा मावशी, काका, मी, सगळे थांबू शकतो. तू या गुरुवारी त्याच्याकडे जा, कोरे मोठे कागद आणि पेन्सिल बरोबर ने, आणि नकाशा दोघांकडून वेगवेगळा काढून घे. एकाने काढलेला दुसऱ्याला दाखवू नकोस.

आल्यावर दोन्ही कागदांचे फोटो मला पाठव. घरी सगळ्यांना नमस्कार.

कळावे,
तुझे सर